डेकमध्ये पाणी कुठे मुरतं?

थंडी सरून अंगणातली माती दिसायला लागली की अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो : चांगला डेकवाला कोणी सुचवेल का? अर्ध्या तासात चार नंबर येतात. सोबतची शिफारसही ठरलेली : ‘आमचं काम त्यानेच केलं, वेळेत केलं, स्वस्तात केलं.’ नंबर जरूर घ्या. मात्र तो माणूस घरी आला की आधी कुठे बघतो, याकडे लक्ष ठेवा. वरच्या फळ्यांवर दोन फेऱ्या मारून, टेप लावून, तिथल्या तिथे आकडा सांगणाऱ्याला चहा द्या आणि निरोप द्या. जो टॉर्च काढून डेकखाली शिरतो, घराच्या भिंतीला डेक कुठे आणि कसा जोडलाय ते पाहतो, लाकडात स्क्रूड्रायव्हर खुपसून बघतो, त्याच्याशी पुढचं बोलणं करा.

डेकची वरची बाजू फारसा दगा देत नाही. फळी चिरली, रंग उडाला, खिळा वर आला, हे डोळ्यांना दिसतं आणि पायाला टोचतं, त्यामुळे त्याची दुरुस्तीही होते. डेक कोसळतो तो बहुधा जोडणीपाशी, आणि तिकडे आपण कधी वाकून बघत नाही. म्हणून कोणालाही बोलावण्याआधी सांगाडा थोडा समजून घेतलेला बरा. हातात हातोडा घ्यायचा नसला, तरी समोरचा काय सांगतोय आणि काय गाळतोय हे कळायला तेवढं पुरतं.

परसदारी असतो तसा एक साधा डेक घेऊ. घरापासून १२ फूट पुढे आलेला, १६ फूट रुंद. घराच्या भिंतीला एक जाड आडवी फळी पक्की केलेली असते, तिला लेजर म्हणतात. समोरच्या टोकाला जमिनीत काँक्रीटचे फुटिंग, त्यांवर पोस्ट म्हणजे खांब, खांबांवर बीम. एक टोक लेजरला आणि दुसरं बीमवर, असे जॉइस्ट टाकलेले असतात, बहुधा दर १६ इंचांवर एक. जॉइस्टवर आपण चालतो त्या फळ्या. बाकी रेलिंग आणि जिना.

आता थोडं गणित. अमेरिकेत बहुतेक राज्यांनी घरबांधणीसाठी इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड थोड्याफार बदलांनी स्वीकारला आहे. डेकने स्वतःच्या वजनाशिवाय दर चौरस फुटाला ४० पौंड पेलले पाहिजेत, असं तो सांगतो. आपला डेक १९२ चौरस फुटांचा, म्हणजे ७,६८० पौंड. मुलीच्या ग्रॅज्युएशनच्या पार्टीला ४५ माणसं एकाच वेळी डेकवर आली आणि माणशी १५० पौंड धरले, तर ६,७५० होतात. डेक कोडप्रमाणे बांधलेला असेल तर घाबरायचं कारण नाही. पण यातला जवळजवळ निम्मा भार लेजरवर येतो. तीन हजारांहून अधिक पौंड, भिंतीला लावलेल्या एका फळीवर. ती फळी नुसत्या खिळ्यांवर असेल तर काय होईल? खाली दाबणारा भार खिळा बऱ्यापैकी सोसतो. त्याला बाहेर ओढलं की मात्र तो सुटून येतो. आणि पार्टीतली माणसं काही रांगेत स्तब्ध उभी नसतात. कोणीतरी ढोल-ताशाचं गाणं लावतं, सगळे एका तालात नाचतात, डेक पुढे-मागे हिसके खातो आणि प्रत्येक हिसक्याला लेजर भिंतीपासून किंचित ओढली जाते.

म्हणून कोड इथे नुसत्या खिळ्यांना परवानगी देत नाही. अर्धा इंच जाडीचे बोल्ट किंवा लॅग स्क्रू लागतात, किंवा याच कामासाठी बनवलेले स्ट्रक्चरल स्क्रू. तुमच्या डेकखाली उभं राहून लेजरकडे पाहा. वॉशरसकट षटकोनी डोकी, एक वर एक खाली अशा क्रमाने, पूर्ण लांबीभर दिसायला हवीत. स्ट्रक्चरल स्क्रूची डोकी वेगळी दिसतात, पण तीही अशीच ओळीने ओळखू येतात. नुसत्या खिळ्यांची चपटी डोकी दिसली, तर यंदाचं स्टेनिंग राहू द्या, आधी हे काम करून घ्या. जुन्या घरांत हे अगदी सर्रास आढळतं.

दुसरं, पाणी. लेजर आणि घराची भिंत यांच्यामधल्या फटीत पावसाचं पाणी शिरलं की लेजर तर कुजतेच, तिच्यामागचा घराचा स्वतःचा रिम जॉइस्ट, म्हणजे मजल्याच्या कडेची तुळई, तीही कुजते. मग बोल्ट कितीही जाड असला तरी तो धरणार कशाला? पाणी बाहेर वळवण्यासाठी लेजरच्या वरून, साइडिंगच्या मागे सरकवलेली फ्लॅशिंगची पट्टी असावी लागते. व्हायनल साइडिंग न कापता त्याच्यावरच लेजर ठोकलेली असेल, तर काम चुकीचं झालंय हे तिथल्या तिथे समजा. घराला विटांचा नुसता दर्शनी थर असेल, तर त्या विटांवर लेजर लावायला कोडची मनाई आहे. अशा घरांना भिंतीचा आधार न घेता स्वतःच्या पायांवर उभा राहणारा डेक बांधतात. एखादा काँट्रॅक्टर ‘विटेतच लांब बोल्ट मारू’ म्हणाला, तर तिथेच थांबा.

हे सारं अती वाटत असेल तर दोन घटना सांगतो. २९ जून २००३ रोजी शिकागोच्या लिंकन पार्क भागात एका पार्टीच्या वेळी तीन मजली लाकडी पोर्च कोसळून १३ जण दगावले; नियमबाह्य बांधकामाचा ठपका शहराने ठेवला. १६ जून २०१५ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत एका इमारतीची बाल्कनी तुटून सहा तरुण गेले. तिथे आत पाणी मुरून लाकूड कुजलं होतं. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळलं नसतं. त्यानंतर कॅलिफोर्नियाने बहुमजली निवासी इमारतींच्या बाल्कन्या, जिने आणि डेक यांची ठरावीक वर्षांनी तपासणी सक्तीची केली. तुमचा तिथे काँडो असेल तर असोसिएशनच्या मिनिट्समध्ये या तपासणीचा अहवाल शोधा. स्वतंत्र घरांना ती सक्ती नाही, म्हणजे ते काम आपल्यावरच आलं.

आता जमिनीकडे. हिवाळ्यात माती गोठते, फुगते आणि फुटिंग उथळ असेल तर त्याला वर उचलते. वसंतात ते पुन्हा खाली बसतं, पण आधीच्या जागी बसेलच असं नाही. चार-पाच हिवाळ्यांत डेक एका कोपऱ्यात उचललेला दिसू लागतो. म्हणून फुटिंगचा तळ गोठणरेषेखाली हवा. शिकागोत त्यासाठी ४२ इंच खोल जावं लागतं, मिनेसोटाच्या उत्तर भागात पाच फूट. टेक्सासच्या दक्षिणेत हा प्रश्न जवळपास नाहीच. खांब काँक्रीटमध्ये गाडलेला नको, वर धातूच्या बेसमध्ये बसवलेला हवा. गाडलेला खांब जमिनीच्या रेषेपाशी सडतो. खड्डे खणण्यापूर्वी ८११ वर फोन करायचा असतो. तो फुकट आहे. काही दिवसांत माणसं येऊन गवतावर रंगाच्या खुणा करून जातात : लाल विजेची, पिवळी गॅसची, निळी पाण्याची, केशरी फोन-इंटरनेटची, हिरवी सांडपाण्याची. ‘त्याची काही गरज नाही, मी वर्षानुवर्षं खणतोय’ असं म्हणणाऱ्याकडून तुमच्या गॅसच्या नळाजवळ खड्डा खणून घेऊ नका.

रेलिंगबद्दल थोडक्यात : डेक जमिनीपासून ३० इंचांहून उंच असेल तर रेलिंग सक्तीचं, उंची किमान ३६ इंच, काही ठिकाणी ४२. दोन गजांमधून चार इंचांचा चेंडू आरपार जाता कामा नये. तान्ह्या मुलाच्या डोक्याचा विचार करून हा नियम केलेला आहे. खांब हाताने जोरात ढकलून पाहा. तो खालच्या बाजूला डुगडुगत असेल तर वरून आणखी एक स्क्रू मारून भागत नाही.

जिन्याकडे मात्र दुर्लक्ष नको, विशेषतः उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येणार असतील तर. पायरीची उंची पावणेआठ इंचांपेक्षा जास्त नको आणि सगळ्या पायऱ्या सारख्या हव्यात. फरक फार तर तीन अष्टमांश इंच. सगळ्यात खालची पायरी बहुधा चुकते, कारण जिना करून झाल्यावर खाली पेव्हर बसवले जातात आणि तेवढीच पायरी बुटकी होते. सत्तरीच्या माणसाचा पाय बरोबर तिथेच अडखळतो. चार किंवा अधिक चढ असतील तर हाताने धरायचा कठडा लागतो, आणि तो मुठीत मावणारा हवा. रेलिंगवर आडवी टाकलेली सहा इंची फळी दिसायला छान, चहाचा कप ठेवायला त्याहून छान. तोल गेल्यावर मात्र ती मुठीत येत नाही.

लाकडाविषयी एक गोष्ट जुनं घर घेणाऱ्यांना कोणी सांगत नाही. २००३ संपेपर्यंत डेकसाठी मिळणारं प्रेशर-ट्रीटेड लाकूड बहुतेक वेळा आर्सेनिक असलेल्या सीसीए या रसायनाने भिजवलेलं असे. त्यानंतर घरगुती वापरासाठी ते बंद झालं. तुमचा डेक त्याआधीचा असेल तर त्याला सँडिंग करू देऊ नका, जोरदार प्रेशर वॉश नको, आणि काढलेल्या फळ्या फायर-पिटमध्ये कधीही जाळू नका. नंतर आलेल्या लाकडात तांबं जास्त असतं आणि ते साध्या लोखंडाला लवकर खातं. त्यामुळे आज खिळे, स्क्रू, जॉइस्ट हँगर सगळे हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस लागतात. कोटेशनमध्ये हे लिहिलेलं नसेल तर लिहून मागा.

आता अलीकडचं सर्वांत मोठं आकर्षण, काँपोझिट. ट्रेक्स, टिंबरटेक, फायबरॉन. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांची फळी. स्टेन लावावा लागत नाही, कुसळ निघत नाही, वॉरंटी २५ वर्षं किंवा त्याहून जास्त. उन्हात ती चांगलीच तापते आणि अनवाणी चालवत नाही, एवढं सहन करायची तयारी ठेवा. पण काँपोझिट घेताना लोक फसतात ते वेगळ्याच ठिकाणी. वीस वर्षं जुना सांगाडा तसाच ठेवून त्यावर महागड्या फळ्या बसवायच्या, याला री-डेकिंग म्हणतात, आणि काँट्रॅक्टरला ते फार आवडतं, कारण दोन दिवसांत काम होतं आणि घरमालक खूश होतो. फळीची वॉरंटी सांगाड्याला लागू नसते. नव्या फळ्यांचे पैसे द्यायच्या आधी जुन्या फळ्या काढून जॉइस्टच्या वरच्या कडा पाहायला सांगा. जुन्या खिळ्यांच्या भोकांतून पाणी जाऊन त्या मऊ पडलेल्या असतात. टोचणी पाव इंच सहज आत गेली तर तो जॉइस्ट बदला. बाकीच्या चांगल्या जॉइस्टवर ब्युटिलची टेप लावून घ्या. खर्च किरकोळ, फायदा मोठा. फळ्या तिरप्या टाकायच्या असतील तर काँपोझिटला सहसा १६ ऐवजी १२ इंचांवर जॉइस्ट लागतात, तेही आधीच ठरवा. आणि डेकवर हॉट टब ठेवायचा विचार असेल तर हिशेब वेगळाच : ४०० गॅलन पाणी म्हणजेच ३,३०० पौंडांच्या वर, शिवाय टब आणि त्यात बसणारी मंडळी. त्याला स्ट्रक्चरल इंजिनिअरचा आराखडाच हवा.

मग माणूस कोणता बोलवायचा? एखाद-दुसरी फळी बदलणं, वर आलेल्या खिळ्यांच्या जागी स्क्रू मारणं, धुणं, स्टेन लावणं एवढं हँडीमनला नीट जमतं आणि त्याला ते द्यायला हरकत नाही. लेजर, खांब, फुटिंग, रेलिंगचे खांब आणि जिना यांना हात लागणार असेल तर डेक बांधणाराच हवा. खाली वॉकआउट बेसमेंट असल्यामुळे डेक दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर असेल, तर काँट्रॅक्टरच्या आधी इंजिनिअरला फी देऊन दाखवा. ज्याला पुढचं काम मिळणार नाही, त्याचंच मत खरं स्वतंत्र.

परवान्याचे नियम राज्यागणिक बदलतात. न्यू जर्सीत घरदुरुस्तीच्या काँट्रॅक्टरला राज्याकडे नोंद करावी लागते आणि त्याचा ‘१३व्हीएच’ने सुरू होणारा क्रमांक कागदांवर छापलेला असतो, ५०० डॉलरवरचा करार लेखी हवा आणि प्रत हातात आल्यापासून कामकाजाच्या तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत तुम्हाला तो रद्द करता येतो. कॅलिफोर्नियात राज्याच्या लायसन्स बोर्डाच्या साइटवर क्रमांक टाकला की लायसन्स चालू आहे की नाही लगेच कळतं. टेक्सासमध्ये जनरल काँट्रॅक्टरला राज्याचं लायसन्सच नसतं, तिथे शहराचे नियम, विमा आणि जुनी कामं यांवर भिस्त. विम्याचे दोन कागद मागा, लायबिलिटीचा आणि वर्कर्स कॉम्पेन्सेशनचा, आणि ते काँट्रॅक्टरच्या फोनवरून नव्हे, त्याच्या विमा एजंटकडून थेट तुमच्या ईमेलवर येऊ द्या. फोटोतली तारीख कोणीही बदलू शकतो.

परमिट काढायला कटकट वाटते आणि काँट्रॅक्टरही गोड बोलतो : ‘परमिट नको, टॅक्स वाढेल. तुमचे हजारभर डॉलर वाचवतो.’ यात त्याचा फायदा तुमच्यापेक्षा जास्त असतो, कारण परमिट असलं की टाउनशिपचा इन्स्पेक्टर येतो. काँक्रीट ओतण्याआधी खड्ड्यांची खोली मोजतो, फळ्या बसण्याआधी सांगाडा पाहतो, शेवटी पूर्ण काम बघतो. अगदी नेमक्या त्या जागा, ज्या नंतर झाकल्या जातात. परमिट काँट्रॅक्टरच्या नावाने निघावं. ‘तुम्हीच घरमालक म्हणून काढा’ असा आग्रह धरणाऱ्याकडे बहुधा लायसन्स नसतं. घर विकताना बिनपरमिटाचा डेक विकत घेणाऱ्याच्या वकिलाला सापडतोच, आणि क्लोजिंगच्या दोन आठवडे आधी ते निस्तरणं फार महागात पडतं. टाउनहाउस असेल तर त्याही आधी एचओएची लेखी परवानगी. रंगसुद्धा तेच ठरवतात, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

कोटेशन तीन घ्या, पण तिघांना एकच कागद देऊन. नाहीतर एकाचा आकडा फळ्यांचा, दुसऱ्याचा सांगाड्यासकट आणि तिसऱ्याचा जुना माल उचलण्यासकट असतो, आणि आपण तुलना करत बसतो. लाकडाची जात आणि जाडी, जॉइस्टमधलं अंतर, लेजरला काय लावणार, फ्लॅशिंग कशाची, फुटिंग किती खोल, कचरा कोण नेणार, सुरुवात कधी, शेवट कधी, हे त्या कागदावर असू द्या. कुजलेलं लाकूड आत सापडलं तर फुटामागे किती घेणार, हेही आधीच ठरवून लिहा. भांडणं तिथेच होतात.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या. कॅलिफोर्नियात काँट्रॅक्टरला आगाऊ रक्कम १० टक्के किंवा १,००० डॉलर यांपैकी जी कमी तेवढीच घेता येते. मेरीलँडमध्ये मर्यादा एक तृतीयांशाची आहे. तुमच्या राज्यात मर्यादा नसली तरी स्वतःच्या मनाशी ती ठेवा. शेवटचा हप्ता अंतिम इन्स्पेक्शन पास झाल्यावर, आणि त्यासोबत लाकूडवाल्याचा आणि हाताखालच्या लोकांचा लीन वेव्हर मागा. काँट्रॅक्टरने लाकूडवाल्याचे पैसे बुडवले तर तो तुमच्या घरावर लीन, म्हणजे कायदेशीर दावा, टाकू शकतो, तुम्ही काँट्रॅक्टरला पूर्ण पैसे दिलेले असले तरी.

रोजच्या निगेचं आता थोडं. डेकवर पाण्याचे चार थेंब टाका. मोत्यासारखे उभे राहिले तर स्टेन टिकून आहे. लगेच लाकडात शोषले गेले तर पुन्हा लावायची वेळ झाली. साधारण दोन-तीन वर्षांनी ती येते. प्रेशर वॉशरने हौशी माणूस पाइनच्या फळ्यांचे तंतू उखडून ठेवतो. ऑक्सिजन ब्लीच, मऊ ब्रश आणि बागेची नळी पुरते. धुतल्यावर दोन कोरडे दिवस जाऊ द्या, मगच स्टेन. स्टेन लावणारा सकाळी धुऊन दुपारी ब्रश काढत असेल तर त्याला थांबवा.

तुळस, कढीपत्ता, मिरच्या यांच्या कुंड्या थेट फळीवर ठेवू नका. खाली पाणी साठून गोल काळा डाग पडतो आणि त्याच गोलात फळी सडते. कुंडीखाली पाय असलेलं स्टँड ठेवा आणि जागा बदलत राहा. घरात वास नको म्हणून भजी आणि मासे डेकवर तळायची पद्धत आपल्याकडे आहेच. शेगडी भिंतीपासून लांब हवी, कारण व्हायनल साइडिंग उष्णतेने वितळून लोंबतं. खाली ग्रिलची चटई टाका, उकळतं तेल काँपोझिटवर सांडलं की डाग सहजी निघत नाही. टाउनहाउस आणि काँडोत डेकवर गॅस किंवा कोळसा पेटवायला मुळात परवानगी आहे का, हे असोसिएशनला विचारा. बर्फ काढायला प्लास्टिकचं फावडं वापरा, फळीच्या लांबीच्या दिशेने.

तेलाच्या स्टेनने भिजलेल्या चिंध्या गोळा करून गॅरेजच्या कोपऱ्यात टाकू नका आणि स्टेनवाल्यालाही टाकू देऊ नका. जवसाच्या तेलासारखी तेलं वाळताना उष्णता सोडतात आणि चिंध्यांचा ढीग काडी न लावता पेटतो. त्या बाहेर एकेक पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा.

वेळेचं म्हणाल तर चांगल्या डेकवाल्याचे एप्रिल-मे आधीच भरलेले असतात. मोठं काम असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत बोलवा. तेव्हा त्याला सवड असते, डेकखाली गवत आणि पानं नसतात, आणि परमिटचे कागदही बर्फ वितळेपर्यंत होऊन जातात. काम सुरू झालं की फळ्या बसण्याच्या आदल्या संध्याकाळी लेजर, फ्लॅशिंग, हँगर आणि फुटिंग यांचे फोटो काढा आणि परमिटच्या कागदांसोबत घराच्या फाइलमध्ये ठेवा.